तुमचे प्रश्न : युन्नान आपल्यापासून नक्की किती लांब आहे?

गेल्या महिन्याच्या अंकात चीनच्या सीमेवरच्या प्रांतांचा विषय निघाला तेव्हा युन्नानबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, आणि ठाणे-नवी मुंबईतून सगळ्यात जास्त प्रश्न त्या चार ओळींवरच आले. मला मनापासून बरं वाटलं. तिबेटबद्दल आपल्याकडे सगळेच बोलतात, युन्नान मात्र कायम राहून जातो, आणि माझं स्पष्ट मत आहे की आपल्या इतिहासात त्याचा जेवढा हात आहे त्या मानाने आपल्याला त्याची काहीच माहिती नाही. म्हणून यावेळी अख्खा कॉलम त्यालाच.

प्रश्न : सर, मी एमपीएससीची तयारी करतेय. नकाशात युन्नान अरुणाचलला चिकटलेला वाटतो, मग भारत-चीन सीमेच्या यादीत त्याचं नाव का नसतं? — एक वाचिका, नौपाडा, ठाणे

चिकटलेला वाटतो खरा, पण नाहीये. मध्ये म्यानमारच्या काचिन राज्याचा उत्तरेकडचा डोंगराळ पट्टा येतो. चीनच्या बाजूने भारताला लागतात ते तिबेट आणि शिनच्यांग, बस. युन्नानची सीमा म्यानमार, लाओस आणि व्हिएतनाम अशा तीन देशांना लागते, एकूण सुमारे ४,०६० किलोमीटर, आणि त्यातली जवळपास निम्मी एकट्या म्यानमारशी. क्षेत्रफळ ३.९४ लाख चौरस किलोमीटर म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षा चांगलाच मोठा, लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेत ४.७२ कोटी, म्हणजे आपल्या निम्म्याहूनही कमी.

परीक्षेपुरतं एवढं बास, पण आता पुस्तक बाजूला ठेवून एकदा नकाशा वेगळ्या पद्धतीने बघ. बीजिंग मधोमध धरू नकोस, बंगालचा उपसागर मधोमध धर. कुनमिंग ही युन्नानची राजधानी, तिथून कोलकाता हवाई अंतराने साधारण १,५०० किलोमीटर आणि बीजिंग २,००० च्या वर. मुंबई-कोलकाता अंतरसुद्धा कुनमिंग-कोलकात्यापेक्षा जास्त भरतं! आणि माणसांचं म्हणशील तर अरुणाचलमधले सिंगफो, म्यानमारमधले काचिन आणि युन्नानमधले जिंगपो हे एकाच समाजाचे लोक, आणि अरुणाचलच्या अगदी टोकाच्या विजयनगर भागात राहणारे योबिन म्हणजे लिसू, ज्यांचे भाऊबंद युन्नानच्या नू नदीच्या दरीत आजही आहेत. सीमा त्यांच्यावरून नंतर गेली. म्यानमार-चीन सीमेचा करार तर १९६० चा, म्हणजे आपलं महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षीचा.

प्रश्न : मी ट्रेकिंग करतो. तीन मोठ्या नद्या एकमेकींना खेटून वाहतात असं युन्नानबद्दल ऐकलंय, ते कसं शक्य आहे? ब्रह्मपुत्रा त्यातलीच का? — एक वाचक, नेरूळ

ब्रह्मपुत्रा नाही, ती तिबेटमधून वळून आपल्या अरुणाचलात उतरते. युन्नानमधल्या तिघी म्हणजे यांगत्से (तिथे तिला जिन्शा म्हणतात), मेकाँग (लांत्सांग) आणि सालवीन (नू). भारताचा भूखंड आशियाला धडकला त्या रेट्यात इथले डोंगर चुरगळले आणि उत्तर-दक्षिण उभ्या घड्या पडल्या, त्या घड्यांमधून तिघी शेजारी शेजारी दक्षिणेला धावतात, आणि लांत्सांग नि नू यांच्यात तर सगळ्यात जवळच्या जागी वीस किलोमीटरसुद्धा अंतर नाही. दऱ्या काही ठिकाणी ३,००० मीटर खोल. मग ठाणे स्टेशनातून एकत्र निघालेल्या लोकल पुढे जाऊन कसारा, कर्जत, पनवेल अशा फुटाव्यात तशा या फुटतात : यांगत्से शिगूजवळ एकदम वळसा घेऊन पूर्वेला शांघायकडे जाते, मेकाँग लाओस-कंबोडियावरून व्हिएतनामला आणि सालवीन म्यानमारमध्ये जाऊन अंदमान समुद्राला मिळते. २००३ मध्ये युनेस्कोने हा सगळा भाग जागतिक वारसा म्हणून घेतला. यांच्याशिवाय हनोईला जाणारी लाल नदी युन्नानमधूनच येते आणि इरावतीला मिळणारी दुलोंगही तिथूनच जाते, म्हणजे आग्नेय आशियातल्या किती लोकांचं पाणी या एका प्रांतातून जातं याचा अंदाज करा, त्यामुळे तिथे वरच्या अंगाला धरण बांधलं की खालचे देश धास्तावतात ते काही उगाच नाही.

तुम्ही ट्रेकर आहात म्हणून एक सांगतो. प्रांतातलं सर्वोच्च शिखर कावागेबो, ६,७४० मीटर, एव्हरेस्टच्या मानाने बुटकंच, पण आजपर्यंत त्याच्या माथ्यावर कोणीही पोचलेलं नाही. जानेवारी १९९१ मध्ये जपानी-चिनी मोहिमेतले १७ गिर्यारोहक हिमस्खलनात गेले. तिबेटी लोकांसाठी तो देव आहे, ते त्याला प्रदक्षिणा घालतात, माथ्यावर पाय ठेवत नाहीत, आणि आता तिथे चढाईला बंदीच आहे. मला ही बंदी योग्य वाटते. त्याच प्रांतात व्हिएतनामच्या सीमेवर हेकोऊला उंची फक्त ७६ मीटर, तिथे केळी, इकडे बर्फ.

पाऊस मात्र आपलाच! नैऋत्य मान्सून बंगालच्या उपसागरावरून तिथे पोचतो, मे ते ऑक्टोबर पाऊस आणि नंतर कोरडं. आणि डोंगर उभे असल्यामुळे पश्चिम उतारावर धो धो आणि पलीकडच्या दरीत खडखडाट, हे सह्याद्री बघितलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

प्रश्न : युन्नान पहिल्यापासून चीनचाच होता का? — एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

याचं उत्तर एका शब्दात देणं म्हणजे अन्याय होईल, तेव्हा थोडं लांबेल.

ख्रिस्तपूर्व १०९ मध्ये हान सम्राट वू याने कुनमिंगजवळच्या तलावाकाठी असलेलं दियान राज्य अंकित केलं आणि तिथल्या राजाला सोन्याचा शिक्का दिला. तो शिक्का १९५६ च्या उत्खननात खरोखर सापडला. पण शिक्का देणं वेगळं आणि राज्य करणं वेगळं. आठव्या शतकात दालीच्या एरहाय तलावाकाठी नानझाओ नावाचं राज्य उभं राहिलं, त्याने चीनच्या तांग घराण्याच्या बलाढ्य सैन्याला ७५१ आणि ७५४ मध्ये लागोपाठ धूळ चारली. मग ९३७ पासून १२५३ पर्यंत दाली राज्य. हे लोक बौद्ध, आणि त्यांचा बौद्ध धर्म आपल्याकडच्या तांत्रिक परंपरेला खूप जवळचा, त्यांच्या पुरोहितांना आचार्य म्हणत, जुन्या थडग्यांवर नि स्तंभांवर संस्कृत धारणी (म्हणजे मंत्र) कोरलेल्या आहेत, आणि दालीचे कितीतरी राजे गादी सोडून भिक्षू झाले. हे वाचलं तेव्हा मी किती वेळ नकाशाच बघत बसलो होतो.

हे स्वतंत्र राज्य संपवलं ते चिन्यांनी नव्हे, मंगोलांनी. १२५३ मध्ये कुबलाई खान डोंगर ओलांडून उतरला. मंगोलांनी १२७४ ला गव्हर्नर म्हणून आणला तो बुखाऱ्याचा मुसलमान, सय्यद अजल शम्सुद्दीन उमर. त्याने तलावाचं पाणी वळवून शेती वाढवली, मशिदी बांधल्या आणि कन्फ्यूशियसची मंदिरंही बांधली, तिथले लोक अजून त्याचं नाव आदराने घेतात. याच मुस्लिम समाजात १३७१ ला एक मुलगा जन्मला, १३८१-८२ मध्ये चीनच्या मिंग घराण्याच्या सैन्याने युन्नान जिंकला तेव्हा तो कैद झाला, त्याला खोजा केलं गेलं, आणि पुढे तोच झेंग हे नावाचा दर्यासारंग होऊन शेकडो जहाजं घेऊन आपल्या कालिकतला आला. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगरात जन्मलेला माणूस!

मिंग काळात हजारो सैनिक कुटुंबांसकट तिथे नेऊन वसवले, आणि हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजाच्या, लोकांची खरी दाट वस्ती तेव्हापासूनची. तरी आजही दर तीन माणसांमागे एक अल्पसंख्याक समाजाचा आहे : यी, बाय, हानी, दाय, नाशी, वा, लिसू असे २५ समाज. तेव्हा माझं उत्तर असं की राजकीयदृष्ट्या गेली साडेसातशे वर्षं युन्नान बीजिंगच्या बाजूने बांधला गेलाय, पण त्याच्या आधी आणि त्याच्या आतसुद्धा दक्षिण-पश्चिमेकडे बघणारा एक मोठा युन्नान आहे, आणि तो न बघता फक्त 'चीनचा प्रांत' म्हणून पुढे जाणं मला पटत नाही.

प्रश्न : डॉ. कोटणीस युन्नानमध्येच होते ना? — एक वाचक, कळवा

नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते उत्तरेकडे, आणि ९ डिसेंबर १९४२ ला हेबेई प्रांतात वारले. युन्नान तिथून फार लांब.

प्रश्न : आमच्या घरात पणजीच्या तोंडून प्लेगच्या गोष्टी ऐकलेल्या आहेत, गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहायचे म्हणे. तो प्लेग चीनमधून आला असं आता ऐकते. युन्नानचा याच्याशी संबंध आहे का? — एक वाचिका, चरई, ठाणे

आहे ताई, आणि या सगळ्या प्रश्नांत मला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

१८५६ ते १८७३ अशी सतरा वर्षं युन्नान पेटलेला होता. खाणींवरून हान आणि हुई मुस्लिम यांच्यात वैर वाढत गेलं, कुनमिंगमध्ये मुसलमानांची कत्तल झाली, आणि दू वेनश्यू नावाच्या नेत्याने दालीत स्वतंत्र राज्य उभं केलं. इंग्रजी कागदपत्रांत याला पांथे बंड म्हणतात. चीनच्या तेव्हाच्या चिंग राजघराण्याच्या सैन्याने ते मोडून काढेपर्यंत लाखो माणसं गेली. प्लेग त्या भागात आधीपासून होताच, उंदीर-पिसवांमध्ये दबा धरून, पण या धुमश्चक्रीत सैन्य इकडून तिकडे, निर्वासित इकडून तिकडे, आणि अफू वगैरे घेऊन जाणारे व्यापारी तांडे दक्षिण किनाऱ्याकडे, त्यांच्याबरोबर तो सरकत सरकत गेला. १८९४ मध्ये कँटन आणि हाँगकाँग. हाँगकाँगमध्येच येर्सिन या संशोधकाने त्याचा जंतू शोधला. आणि हाँगकाँग-मुंबई बोटी तर रोजच्याच, त्यामुळे सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले.

पुढचं आपल्याला शाळेपासून पाठ आहे, पण तुकड्या तुकड्यात. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. पुण्यात घराघरात सोजीर घुसवले गेले आणि २२ जून १८९७ ला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. हाफकिन या जंतुशास्त्रज्ञाने मुंबईत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. मुंबईच्या दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणारा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ चा, तोही प्लेगमुळेच. भारतात पुढच्या दोन-तीन दशकांत एक कोटीहून जास्त माणसं गेली. तुमच्या पणजींच्या रानातल्या झोपडीची गोष्ट दालीच्या त्या डोंगरांपर्यंत जाऊन पोचते ती अशी. ती गोष्ट लिहून ठेवा ताई, खरंच लिहून ठेवा, अशा आठवणी घराघरातून संपत चालल्यात.

प्रश्न : माझा एपीएमसीत गाळा आहे. युन्नानचा व्यापार पूर्वी कशाचा होता आणि आता कशाचा आहे? — एक वाचक, वाशी

पूर्वीच्या व्यापाराची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे चलन. सतराव्या शतकापर्यंत युन्नानमध्ये कवड्या चालायच्या, आपल्या तुळजाभवानीच्या माळेत असतात त्याच! कवड्या मालदीवच्या समुद्रातल्या, तिथून जहाजाने बंगालला आणि मग ब्रह्मदेशातून खेचरांच्या पाठीवर वर डोंगरात. उरलेल्या चीनमध्ये तांब्याची नाणी नि कागदी नोटा चालू असताना मंगोल सरकार युन्नानमध्ये कर कवड्यांत घेत होतं. मार्को पोलोनेही हे लिहून ठेवलंय. पुढे चिंग काळात युन्नानच्याच खाणींतलं तांबं अख्ख्या चीनच्या टांकसाळींना जायला लागलं.

दुसरा माल चहा. पुएर चहाची पानं वाफवून दाबून त्याच्या चकत्या करतात, म्हणजे खेचरावर लादायला सोप्या, आणि जुना होईल तसा भाव वाढतो. हा चहा तिबेटला जायचा आणि तिकडून घोडे यायचे. जिंगमाय डोंगरावरच्या जुन्या चहाच्या रानांना २०२३ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला. आता चीनमधली जवळजवळ सगळी कॉफी तिथेच पिकते, आणि फुलांचं म्हणाल तर कुनमिंगचं दोऊनान मार्केट आशियातलं सगळ्यात मोठं कापलेल्या फुलांचं मार्केट मानतात. तिथे लिलाव डच पद्धतीने होतो, भाव वरून सुरू होतो आणि घड्याळासारखा खाली उतरत जातो, जो आधी बटण दाबेल त्याचा माल. फुलांसारख्या तासातासाला उतरणाऱ्या मालाला ही पद्धत फार सोयीची, सौदा सेकंदात मिटतो. तुमचं मत कळवा.

प्रश्न : माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात लष्करात ड्रायव्हर होते. आसामातून चीनपर्यंत ट्रक जायचे असं ते सांगत, घरी कोणाचा विश्वास बसत नसे. असा रस्ता होता का? — एक वाचक, घोडबंदर रोड

होता. घरच्यांना हे वाचून दाखवा.

जपानने १९३८ पर्यंत चीनचा बहुतेक किनारा घेतला होता. मग चीनने मागचं दार उघडलं, कुनमिंगपासून ब्रह्मदेशातल्या लाशिओपर्यंत १,१५४ किलोमीटरचा बर्मा रोड. तो बांधला युन्नानच्या खेड्यापाड्यातल्या सुमारे दोन लाख लोकांनी, त्यात बायका, म्हातारे, पोरंही होती कारण तरणे पुरुष सैन्यात, आणि हातात यंत्रं नाहीत, कुदळी, टोपल्या आणि दगडी रूळ. एप्रिल १९४२ मध्ये जपान्यांनी लाशिओ घेतलं आणि रस्ता तुटला. ते सालवीनपर्यंत आले तेव्हा ५ मे ला चिनी सैन्याने स्वतःच हुइतोंग पूल उडवला, म्हणून ते नदीपलीकडेच अडकले, नाहीतर कुनमिंग गेलंच होतं.

मग आसामच्या चबुआ, दिंजान वगैरे विमानतळांवरून डोंगरांवरून उड्डाणं सुरू झाली. वैमानिक या मार्गाला 'हंप' म्हणत. १९४५ पर्यंत साडेसहा लाख टन माल गेला आणि सुमारे ६०० विमानं पडली. त्याच काळात डिसेंबर १९४२ पासून आसामातल्या लेडोहून जमिनीवरचा रस्ता काढायला घेतला, पांगसाऊ खिंडीतून ब्रह्मदेशात आणि पुढे जुन्या बर्मा रोडला जोडून कुनमिंग, एकूण १,७३६ किलोमीटर. अमेरिकन इंजिनियर तुकड्या, त्यात कृष्णवर्णीय सैनिक फार मोठ्या संख्येने, आणि हजारो भारतीय मजूर, चहाच्या मळ्यांतले सुद्धा. मलेरिया, जळवा, दरडी. पहिला ताफा १२ जानेवारी १९४५ ला लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. काही महिन्यांत युद्धच संपलं आणि जंगलाने रस्ता परत घ्यायला सुरुवात केली. भारतातला तुकडा आज जयरामपूर-नामपाँग भागात बघता येतो. पणजोबांचं सर्व्हिस बुक किंवा पदकं असतील तर त्यांची तुकडी नक्की कुठे होती ते शोधता येईल, त्या पिढीच्या कष्टांची नोंद आपल्याकडे फारच कमी झालीय.

प्रश्न : युन्नानमध्ये रेल्वे कधी आली? — शाळकरी वाचक, दिघा

१९१० मध्ये. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ची, म्हणजे सत्तावन्न वर्षं नंतर. ती फ्रेंचांनी बांधली, व्हिएतनाम तेव्हा त्यांच्याकडे होतं ना, तर हायफाँग बंदरापासून थेट कुनमिंग, मीटर गेज, सीमेवरच्या हेकोऊच्या ७६ मीटरवरून कुनमिंगच्या जवळपास १,९०० मीटरपर्यंत चढत जाणारी, आणि ती बांधताना हजारो मजूर मेले. गंमत म्हणजे बरीच वर्षं युन्नानच्या माणसाला बीजिंगला जायचं तर आधी गाडीने व्हिएतनामला आणि मग बोटीने जाणं सोपं पडायचं. डिसेंबर २०२१ पासून कुनमिंग ते लाओसची राजधानी व्हिएन्तियान अशी १,०३५ किलोमीटरची नवी लाईन सुरू आहे.

प्रश्न : पुढच्या वर्षी जायचा विचार आहे, आम्ही दोघं शाकाहारी. कधी जावं, खायचं काय? — एक काकू, खारघर

काकू, नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा काळ, तेव्हा जा. कुनमिंग १,९०० मीटरवर आहे त्यामुळे ना धड उन्हाळा ना कडक थंडी, तिथे दोन दिवस काढून मग दाली, लिजियांग (२,४०० मीटर) असं हळूहळू वर जा, शांग्रिला ३,३०० च्या आसपास आहे तिथे एकदम उडी मारू नका, धाप लागते. घड्याळाचंही लक्षात ठेवा, अख्ख्या चीनला बीजिंगचीच वेळ, त्यामुळे तिथे सूर्य तासाभराने उशिरा उगवतो आणि उशिरा मावळतो. रुइलीच्या सीमेवर तर नाक्यापलीकडे म्यानमारमध्ये घड्याळ दीड तास मागे असतं.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका. रुबिंग नावाचं शेळीच्या दुधाचं पनीर मिळतं, तळून देतात, अगदी आपल्या पनीरसारखं लागतं, आणि दालीचे बाय लोक दुधाची पातळ पोळीसारखी रुशान करतात, ती निखाऱ्यावर भाजून. तांदळाच्या वड्या एरक्वाय, भरपूर भाज्या, मशरूम तर किती प्रकारचे. फक्त नूडल्सच्या वाडग्यात वर नुसत्या भाज्या दिसल्या तरी रस्सा बहुतेक वेळा कोंबडीचा किंवा डुकराच्या हाडांचा असतो, तेव्हा 'आम्ही मांस आणि मांसाचा रस्सा खात नाही' असं चिनी लिपीत लिहिलेलं कार्ड मोबाईलमध्ये ठेवा आणि ऑर्डर द्यायच्या आधी दाखवा.